बंद बाहीची जाकिटं

११ जानेवारी

ती. मामांना आणि मामीला,
सा. न. वि. वि.

परवा सुखरूप पोचले. मामीने दिलेला डबा गाडी सुटायच्या आधीच संपवला, त्यामुळे तिने 'पोरगी काही खात नाही' हे पालुपद आता बंद करावं.

मामा, निघताना जिन्यात तुम्ही हळूच जे विचारलंत ते मी हसण्यावारी नेलं. गाडीत मात्र माझं मलाच बरं वाटेना, म्हणून नीट उत्तर लिहिते. उत्तर 'नाही' असंच आहे. आमच्या प्रयोगशाळेतली बाटली पर्समध्ये टाकून मी तुमच्यासाठी आणणार नाही. रागावा हवं तर, पण आधी ऐकून घ्या.

जूनमध्ये तुम्हाला झटका आला तेव्हा मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली. तिच्यावर जगणारा भाग मेला, आणि त्याच्यासोबत तुमचा उजवा हात गेला. पण मेलेल्या भागाच्या भोवती एक कड असते, धड जिवंत नाही, धड मेलेली नाही. मेंदू स्वतःच काही पदार्थ तयार करतो, आम्ही त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतो. ते त्या कडेला जगवतात, आणि पुढे शेजारच्या पेशींना नवे फाटे फुटायला मदत करतात. फक्त मेंदू ते फार थोडे तयार करतो. म्हणून आम्ही बाहेरून देऊन बघतो, नाकात थेंब घालून. पण कुणाच्या नाकात? उंदरांच्या. माणसाला किती द्यायचे, दिले तर हवं ते वाढेल की भलतंच काही वाढून बसेल, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. माझे एकुलते एक मामा मी उंदरांच्या रांगेत बसवणार नाही.

आता माझं एक काम. आमच्या उंदरांना उजव्या पंजाचा झटका असतो, म्हणजे अगदी तुमच्यासारखा. चांगला डावा पंजा काही दिवस बांधून ठेवायचा, म्हणजे झक मारत उजवा वापरावा लागतो. विकत आणलेली जाकिटं हे पठ्ठे सकाळपर्यंत कुरतडून टाकतात. तुमच्या दुकानात होईल का? मापाचा कागद सोबत आहे. डावी बाही टोकाला शिवून बंद हवी, उजवी मोकळी. मामीकडून शिवून घ्या, तुम्ही नुसती देखरेख करा.

मामीला सांगा, तिची आठवण येते. तुमच्या रागासकट तुमची माया चालेल, ती पाठवत राहा.
तुमची
सुई


२० जानेवारी

चि. सुईस,
अ. उ. आ.

हे अक्षर कुणाचं म्हणून डोळे फाडून बघू नकोस. माझंच आहे, डाव्या हाताचं. आणि मामीकडून शिवून घ्या म्हणतेस? अगं, तुझ्या उंदरांची जाकिटं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! सगळी मी शिवली आहेत. मामीने फक्त कापड कापलं आणि माझ्या उजव्या हाताला शिव्या घातल्या, कारण तो मधेच मशीनवर जाऊन पडतो.

तुझं ते कडेचं पुराण मला पटकन कळलं. तू उगाच इतकं शिकलीस. कोटाला निखाऱ्याने भोक पडलं की आम्ही काय करतो? आधी भोकाची कड धरतो, नाहीतर ती उसवत उसवत हातभर जाते. मग आजूबाजूच्या कापडातले धागे ओढून रफू करतो. तुझे ते थेंब म्हणजे कड धरणं आणि रफू, दोन्ही एकाच बाटलीत. बरोबर ना? मग माझ्या भोकाला रफू का नको? कापड जुनं आहे म्हणून?

बरं, चेष्टा राहू दे. तुला सांगतो, कारण मामीला सांगितलं तर ती डोळे पुसत बसते. डाव्या हाताने मी जेवतो, दाढी करतो, शिवतो, लिहितो. अडतं ते फक्त कात्रीपाशी. आपली मोठी कात्री डाव्या हातात धरली की पाती फटकून राहतात आणि कापड कापलं जायचं सोडून मुडपतं. डावखुऱ्यांची मागव म्हणशील. मागवली होती. हात शिकतो गं, डोळा शिकत नाही, रेघ सारखी पात्याआड जाते. शिवणारे काय, गल्लोगल्ली मिळतात. शिंपी तो, जो कापतो. गिऱ्हाईक कापड घेऊन येतं आणि माझ्याकडे न बघता मामीकडे बघतं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला हा हात हवा आहे, सुई. म्हणून जिन्यात विचारलं. पुन्हा विचारणार नाही.

जाकिटं सोबत आहेत. शिवण दुहेरी आहे. दात लावून बघा म्हणावं.

उंदरांना नमस्कार, तुला आशीर्वाद.
मामा

ता. क. मी मामी. ह्यांचं ऐकून घाबरू नकोस. मी ह्यांना कशाची म्हणून उणीव पडू देत नाही. अंडं सोलून देते, बटणं लावून देते, चपलासुद्धा घालून देते. आणि मी डोळे पुसत बसते हे खोटं आहे.


३ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं आणि सगळी प्रयोगशाळा माझ्या टेबलाभोवती गोळा झाली. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते आणि ज्यांना हसताना आजवर कुणी पाहिलं नाही, त्यांनी एक जाकीट बोटावर चढवलं आणि विचारलं की ह्याला कॉलर कशासाठी. मी म्हटलं, आमच्या मामांना बिनकॉलरचं शिवता येत नाही. त्या चक्क हसल्या.

उंदरांच्या खोलीचं सगळं आमचे पिंजरेवाले काका बघतात. ते तुमच्यासारखेच, कामाला पक्के आणि बोलायला फटकळ. जाकिटं त्यांच्या ताब्यात दिली आहेत. अर्ध्या उंदरांना थेंब मिळतील, अर्ध्यांना नुसतं पाणी. महिन्याभराने परीक्षा घ्यायची: फटीतून उजवा पंजा घालून दाणा उचलता येतो का. तोवर मी सूक्ष्मदर्शकाला चिकटलेली असेन, म्हणून पत्राला उशीर झाला तर मामीने वाईटसाईट स्वप्नं बघू नयेत.

जिन्यातलं पुन्हा विचारणार नाही म्हणालात, तसं नको. विचारा की. माझ्याकडे काही असेल त्या दिवशी मी धावत येईन.

मामीच्या हातच्या चहाला मुकलेली
तुमची सुई


९ मार्च

ती. मामांना आणि मामीला,
सा. न. वि. वि.

गेला आठवडा कसा काढला माझं मला माहीत. परीक्षा झाली आणि आमचं औषध सपशेल नापास. थेंब घेतलेले आणि पाणी घेतलेले, सगळे उंदीर सारखेच. उजवा पंजा फटीपाशी न्यायचे आणि तिथेच लोंबकळत ठेवायचे. मोठ्या बाई तीन वर्षं ह्या थेंबांवर बसल्या आहेत. त्या खिडकी उघडून उभ्या राहिल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

मग काल सकाळी मी प्रथमच उंदरांच्या खोलीत काकांच्या वेळेला गेले. एरवी काका जाकिटं उतरवून उंदीर माझ्याकडे आणतात, त्यामुळे ते अंगात घातलेले मी कधी पाहिलेच नव्हते. बघते तर काय, एकूण एक उंदराचा उजवा पंजा बंद बाहीत आणि डावा मोकळा! मामा, तुम्ही नाड्या छातीवर लावल्या आहेत. माणसाच्या जाकिटाला असतात तशाच. छातीवरची नाडी उंदीर दोन मिनिटांत तोडतो, म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी जाकिटं पाठमोरी फिरवून घातली. पुढचं मागे आलं की डावं उजवीकडे येतं. तुमचं बरोबर, काकांचं बरोबर, आणि मी आधी एकदा बघायला हवं होतं. तीन शहाणे आणि काम उलटं.

काकांनी कानाला खडा लावला. पण मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या की ही चूक नाही, आपल्याला न सुचलेला प्रयोग आहे. औषध पोटभर मिळालं, पण दुबळा पंजा बांधलेला राहिला, म्हणून काहीच झालं नाही. फाटे फुटायला नुसतं खत पुरत नाही, हात चालावा लागतो. आता नवे उंदीर, आणि तुमच्याकडून नवी जाकिटं. नाड्या पाठीवर.

आता खरं ते लिहिते. काल रात्रभर मला ते उंदीर दिसत नव्हते, तुम्ही दिसत होतात. तुमचा उजवा हात कुणी शिवून बंद केलेला नाही. पण सगळं डावा करतो, आणि डाव्याकडून राहील ते मामी करते. मग उजव्याने करायचं काय? तोही उलट्या जाकिटातच आहे, मामा. मी आपल्या व्यायामवाल्या ताईंना, तुमच्या फिजिओथेरपिस्टना, फोन केला होता. त्या म्हणाल्या की झटक्याला वर्ष होत आलं तरी फरक पडू शकतो, आणि तुमची बोटं थोडी हलतात म्हणजे करून बघण्यासारखं नक्की आहे. रोज सकाळी टेबलाशी बसून डावा हात बांधायचा आणि उजव्याला कामाला लावायचं. जिन्यात, मोरीत बांधायचा नाही, पडाल. आणि मामी, तू त्या वेळात हाताची घडी घालून बसायचं.

थेंब मी देऊ शकत नाही. एवढं मात्र मागू शकते.
तुमचीच
सुई


१६ मार्च

चि. सुईस,
आशीर्वाद आहेतच, ते रागावर अवलंबून नसतात.

जाकिटं उलटी झाली ही माझी चूक, कबूल. आयुष्यात प्रथमच गिऱ्हाइकाने कपडा उलटा घातला आणि वर तक्रारही केली नाही. नवी शिवतो.

पण दुसरं जे लिहिलंस ते मला आवडलं नाही. तुला काय वाटतं, हा डावा हात फुकट आला? पहिले दोन महिने मी तोंड पुसायलासुद्धा मामीची वाट बघत होतो. बसल्या जागी ओलं व्हायची वेळ आली होती, शर्टाचं बटण वेळेत निघेना म्हणून नाही, दुसऱ्याच बटणापायी. त्यातून मी ह्या हाताला लहान पोरासारखं शिकवलं. आज तोच एक माझा माणूस आहे. आणि तू म्हणतेस त्याला बांध आणि पुन्हा लोळागोळा हो. उजवा आला नाही तर? म्हणजे रोज सकाळी टेबलाशी बसून मी बघायचं काय, की तो येत नाही?

मला भीती वाटते, सुई. हे लिहायला सोपं गेलं नाही.

तू आणि तुझी मामी, उंदराला मांजर साक्ष. तुझं पत्र वाचल्यापासून ती माझ्याकडे अशी बघते की अंगात बाही घालूनच मोकळी होईल.

मामा


५ एप्रिल

चि. सुईस,
अ. उ. आ.

हे पत्र मामीच्या हातचं आहे, कारण माझा डावा हात ह्या क्षणी अटकेत आहे. मी सांगतो, ती लिहिते. ती आपलं घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

झालं असं. तुझी नवी जाकिटं कापून झाली आणि माझं घोडं अडलं. माझ्या दुकानातून आजवर ट्रायल घेतल्याशिवाय एकही कपडा बाहेर गेलेला नाही. मागची जाकिटं तशीच पाठवली आणि काय झालं ते पाहिलंस. आता उंदीर काही ट्रायलला यायचा नाही. म्हणून मी तेच जाकीट माझ्या मापात शिवलं, डावी बाही बंद, नाड्या पाठीवर, आणि स्वतः घालून बघितलं. केवळ तपासायला. ह्यात तुझ्या पत्राचा काही संबंध नाही. (मी मामी. आहे. बाही शिवायच्या आधी तासभर ह्यांच्याच हातात तुझं पत्र होतं.)

पहिल्या सकाळी अंडं सोलायला घेतलं. अंड्याचं काय झालं ते विचारू नकोस. मामी हाताची घडी घालून बसली होती, जणू मी तिच्यासमोर बुडतो आहे आणि तिला उडी मारायची बंदी आहे. (मलाच माहीत मी कशी बसले. दोनदा उठले, दोनदा बसले.) दुसऱ्या दिवशी कप फुटला. नंतर बशी. आता आम्ही पत्र्याची भांडी काढली आहेत आणि रोज सकाळी घरात वरात निघाल्यासारखा आवाज होतो. शिव्याही इतक्या दिल्या की मामी म्हणते, निदान जीभ तरी पूर्ण बरी झाली.

पण परवा एक झालं. अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सुटा निघाला. लहानसा तुकडा, नखाएवढा. पण माझ्या ह्या अंगठ्याने आणि ह्या बोटाने काढलेला. मी तो बशीत तसाच ठेवला होता, मामीने विसळून टाकला. (मला काय माहीत!)

जाकिटं पाठवली आहेत. ट्रायल घेतलेली.
मामा
आणि घुसडणारी मामी


२२ मे

ती. मामांना आणि मामीला,
सा. न. वि. वि.

नाचत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

परीक्षा झाली. थेंब घेतलेले आणि उजवा पंजा वापरलेले उंदीर फटीतून दाणे उचलून उचलून असे खात होते की शेवटी दाणे संपले. आणि मोठ्या बाईंनी मेंदूचा काप दाखवला: मेलेल्या भागाची कड आधीच्या उंदरांपेक्षा बारीक, आणि शेजारून नवे फाटे आत शिरलेले. मामा, तुमचं रफू मी डोळ्यांनी पाहिलं. मी बाईंना तोच शब्द सांगितला. त्यांनी फळ्यावर लिहून ठेवला आहे, कुणाला पुसू देत नाहीत.

आता ज्यांना थेंब नाहीत, नुसतं पाणी, पण पंजा वापरायला लावला, ते? म्हणजे तुम्ही? तेही सुधारले. थेंबवाल्यांइतके नाही, सावकाश, पण सुधारले. मी मुद्दाम त्यांच्या पिंजऱ्यापाशी जास्त वेळ उभी राहिले. काका म्हणाले की मी त्यांचे जास्त लाड करते. मी म्हटलं, नातलग आहेत.

खोटी आशा दाखवणार नाही. माणसांपर्यंत यायला ह्या थेंबांना अजून वर्षं लागतील, कदाचित तोवर मीच म्हातारी होईन, आणि कदाचित येणारच नाहीत. आले तरी आधी नुकत्याच झटका आलेल्यांना मिळतील. तुमच्या हाती येतील असं मला वाटत नाही. हे लिहिताना जानेवारीत जितकं जड गेलं होतं तितकं आज गेलं नाही, हे मात्र खरं.

मामी, तू कशी आहेस ते कधीच लिहीत नाहीस. आता स्वतःच्या नावाने एक पत्र टाक. वाट बघते.

लोभ आहेच, तो असाच दुहेरी शिवणीचा असू द्या.
तुमची सुई


१४ जून

चि. सुईला,
मामीचे अनेक आशीर्वाद आणि एक पापा.

तू म्हणालीस म्हणून लिहिते. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून दुखतो. आता सकाळी हे दोन तास स्वतःच्या हाताशी भांडत बसतात आणि मला काही कामच उरत नाही, म्हणून मी समोरच्या बागेत चक्कर मारून येते. पहिल्यांदा गेले तेव्हा जीव खालीवर होत होता. आता परत यायला उशीर करते. तिथे एका बाकावर दोघी-तिघी बसतात, त्यांच्यात मलाही जागा ठेवतात.

ह्यांच्या हाताचं विचारशील. कागद कापतात, पातळ कापडही जरासं, रेघ दारुड्यासारखी जाते. कोटाचं कापड अजून मीच कापते. व्यायामवाल्या ताई म्हणाल्या की कदाचित इतकंच येईल, कदाचित थोडं जास्त. हे त्यांना म्हणाले, बघू या. पूर्वी असं ऐकलं असतं तर जेवले नसते. परवा गिऱ्हाइकासमोर म्हणाले की कापायचं काम आमच्या हिचं, हात माझ्यापेक्षा साफ आहे. मला कुठे बघावं ते कळेना.

आता जे सांगायला बसले ते. काल दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही खिडकीजवळ आपापल्या खुर्च्यांत होतो. बंद बाहीचं जाकीट दुपारी नसतं, ते खुंटीला. मी डोळे मिटले होते, झोप लागली नव्हती. वाऱ्याने माझे केस तोंडावर आले, एक बट ओठाला चिकटली, पण हलायचा कंटाळा आला होता. तेवढ्यात गालाला बोटं लागली. बट उचलली आणि कानामागे नेऊन ठेवली. नीट नाही जमलं. एकदा सुटली, पुन्हा उचलली.

मी पापण्यांतून पाहिलं. उजवा हात होता, सुई. ह्यांचा डावा हात माझ्याच बाजूला, मोकळा, खुर्चीच्या दांड्यावर पडलेला होता. त्याला सोपं होतं. तरी उजवा लांबून आला, आपणहून, आणि ह्यांचं लक्ष बाहेर रस्त्याकडे होतं.

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर आपण काय केलं ते ह्यांना कळलं असतं, मग लगेच हात वर-खाली करून बघितला असता, तुला पत्र, ताईंना फोन, आणि मग तो हात पुन्हा कामावर लागला असता. मी तशीच पडून राहिले. हात थोडा वेळ माझ्या कानापाशीच राहिला.

हे ह्यांना कळवू नकोस. त्यांना माहीत नाही तोवर तो हात नुसता माझ्यासाठी आहे.

तुझी
मामी